संगीत चतुरवल्लभ (मूकपट)

“सिगारेट विझव आधी. काडेपेटी त्या पायरीवर ठेव आणि मग आत ये.”

मी अजून ओट्यावरच होतो. दारात उभ्या असलेल्या साराबाई पेणकरांनी माझं नावही विचारलं नव्हतं. मी सिगारेट चपलेखाली चुरडली, काडेपेटी पायरीवर ठेवली. त्यांनी ती उचलली, अंगणापलीकडे शेजाऱ्यांच्या कुंपणावर नेऊन ठेवली आणि पदराला हात पुसत परत आल्या.

“आत जे आहे ना, ते नुसतं तापलं तरी पेटतं. भाचा म्हणतो, आत्या, विमानात असलं काही चालणार नाही. म्हणून तुला बोलावलं. नाहीतर तुम्हा पुण्याच्या लोकांशी माझं काय काम?”

ही एकाहत्तर सालची गोष्ट. अलिबागजवळच्या नवगावात बेने इस्रायल ज्यूंची तेव्हा दोनच घरं उरली होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते तेली एकेक करत मुंबईला गेले आणि तिथून इस्रायलला. साराबाई पुढच्या महिन्यात जाणार होत्या, कायमच्या. घरातलं सामान बांधून झालं होतं. उरले होते ते घाण्याच्या खोलीतले पत्र्याचे गोल डबे.

खोली दगडी, गार आणि अंधारी होती. बंद पडलेल्या घाण्याला अजून खोबरेलाचा वास येत होता. साराबाईंनी एका डब्याचं झाकण नखांनी उचकटलं, फिल्मचं टोक माझ्या हातात दिलं आणि मी ते झरोक्याच्या उजेडात धरलं.

एक देखणा तरुण तोंड उघडून उभा होता. पुढच्या चौकटीत तो तोंड उघडून उभा होता. मी हातभर फिल्म पुढे सरकवली. तोंड उघडंच.

“काय करतोय हा?”

“गातोय,” साराबाई म्हणाल्या. “दुसरं काय करणार? भार्गव लिमये तो.”

*

पाटी :
प्रेमाच्या पंथास कंटक बहुत. परी चतुरास वाट सांपडते.

*

मूकपटात माणसं बोलत नसत, म्हणून मधूनमधून पडद्यावर अशा पाट्या येत. ‘चतुरवल्लभ’च्या काही पाट्या मला अजून पाठ आहेत. त्या मी या गोष्टीत जागोजागी लावतो आहे. त्या त्या जागी त्या लागू पडतीलच असं नाही. सिनेमातही पडत नव्हत्या.

‘संगीत चतुरवल्लभ’ हे मुळात नाटक. एका श्रीमंत अनाथ मुलीचा पालक असतो, दिवाणजी. मुलीशी आपणच लग्न करावं हा त्याचा बेत. मुलीवर जीव जडलेला नायक मध्यस्थ बनून त्या घरात शिरतो आणि दिवाणजींना संशय येऊ नये म्हणून इतकी भयंकर स्थळं आणतो, की मुलगी प्रत्येकाला नाही म्हणते आणि दिवाणजी खूश होतात. पाच अंक, भरपूर पदं, शेवटी लग्न. ते करणाऱ्या नाटक कंपनीच्या मालकाने सत्तावीस साली कुठून तरी कॅमेरा मिळवला आणि या नाटकाचा सिनेमा काढायचं ठरवलं. मूक. जाहिरातीत मात्र ‘संगीत’ तसंच राहिलं, कारण ते काढलं तर लोक येणार नाहीत असं मालकाला वाटलं. पदं नाटकात होती तेवढी सगळी ठेवली. नायिकेचं काम तोवर एक बुवा करत असत. कॅमेऱ्यापुढे त्यांची दाढी लपेना, म्हणून मुंबईहून साराबाईंना आणलं. तेव्हा त्या एकोणीस-वीस वर्षांच्या असतील.

“कॅमेऱ्याचा दांडा कोण फिरवायचं, ठाऊक आहे?” घाण्याच्या लाकडावर बसत साराबाईंनी मला विचारलं. “कंपनीचा तबलजी. मालक म्हणाले, हात चांगला चालतो, यालाच द्या.”

तबलजी दांडा लयीत फिरवत असे. विलंबित पद असलं की सावकाश, द्रुत असलं की भराभर. परिणाम उलटा झाला. दांडा सावकाश फिरला की पडद्यावर माणसं मुंग्यांसारखी धावतात, आणि भराभर फिरला की पाण्यात चालल्यासारखी तरंगतात. त्यामुळे ‘चतुरवल्लभ’मध्ये विरहाच्या पदाला नायिका बागेतून तुरुतुरु पळते, आणि दिवाणजी काठी घेऊन मागे लागतो तेव्हा दोघंही फुलपाखरांसारखी हळूहळू विहरतात.

पण खरा घोटाळा पुढे होता. शूटिंग भोरजवळच्या एका बागेत चाललं होतं आणि बघायला गाव लोटला होता. भार्गवरावांचं पद संपलं की गर्दीतून आरोळी येई, वन्स मोअर. नाटकात वाढलेला माणूस तो. वन्स मोअर आला आणि गायलं नाही, हे त्याच्या रक्तात नव्हतं. तो पुन्हा गाई. आणि गाणं चालू असताना हात थांबवणं तबलजीच्या रक्तात नव्हतं. तो दांडा फिरवत राही.

“पाचवा अंक सुरू व्हायच्या आधीच तबलजी ओरडला, रीळ संपलं,” साराबाई म्हणाल्या. “मालकाकडे नवीन घ्यायला दमडी नव्हती. भार्गव तरी गातच होता.”

“म्हणजे लग्न चित्रित झालंच नाही?”

“नाही.”

“मग सिनेमा संपायचा कसा?”

त्या उठल्या, दोन्ही हात पसरले आणि हवेत एक न दिसणारं कापड धरून दाखवलं. सिनेमाचा पडदा म्हणजे मोठं पांढरं कापड, दोन दोऱ्यांनी वर बांधलेलं. शेवटचं रीळ संपलं की दिवे लागत. भार्गवराव सगळा वेळ त्या कापडामागे पेटीवर बसून पदं गात असत, ते मुंडावळ्या बांधून मागेच उभे राहत. साराबाई पायऱ्या चढून पुढच्या बाजूला येत. तोच अंतरपाट. गावातला भटजी मंगलाष्टकं म्हणे, प्रेक्षक अक्षता टाकत, ‘सावधान’ झालं की दोऱ्या सोडत आणि पडदा खाली येई.

“रोज लग्न व्हायचं,” त्या म्हणाल्या. “दौऱ्यावर होतो तेवढे दिवस, रोज.”

डबे त्यांनी माझ्यासमोर ठेवले. मी हात पुढे केला, तर त्यांनी झाकणावर तळवा ठेवला. आमच्या पुण्याच्या चित्रमित्र मंडळाला फिल्म देणार, फुकट देणार, पण आधी ती अलिबागेत एकदा दाखवायची. दाखवायची तशीच, जशी दाखवत होतो तशी. शेवटासकट.

“आणि मागे भार्गवच उभा राहिला पाहिजे,” त्या म्हणाल्या. “दुसरा कोणी नको. तो राहतो अलिबागेतच, मुलींना गाणं शिकवतो. जा आणि विचार त्याला, उभा राहील का.”

“तुम्ही नाही विचारलंत?”

“मी कशाला विचारू?” त्यांनी झाकण दाबून बसवलं. “मी होते माझ्या जागी.”

*

पाटी :
दिवाणजी गरजले, “या घरांत परपुरुषाचे पाऊल पडता कामा नये!”

*

पुण्याला परत येऊन मी चित्रमित्र मंडळाचे अध्यक्ष प्रा. नाडगौडा यांना सगळं सांगितलं. मी मंडळाचा नवा चिटणीस व्हावं अशी त्यांची इच्छा होती, माझीही होती, आणि हरवलेला सिनेमा शोधून आणणाऱ्याला कोण नको म्हणणार.

नाडगौडा सरांनी ‘चतुरवल्लभ’वर एक मोठा लेख लिहिला होता. सिनेमा पाहिला नव्हता. मंडळात तो कोणीच पाहिलेला नव्हता, त्यामुळे ही अडचण नव्हती. साताऱ्यातल्या एका वृद्ध वकिलांना त्याचा शेवट आठवत होता आणि सरांचा सगळा लेख त्या आठवणीवर उभा होता. वकील म्हणाले होते, की शेवटी पडदा पडतो आणि नायिकेसमोर नायक नसतोच. असतो तो लठ्ठ दिवाणजी, मुंडावळ्या बांधून. तिला त्यालाच हार घालावा लागतो. विवाहसंस्थेवरचं इतकं निर्दय भाष्य आपल्याकडे त्यानंतर झालं नाही, असं सरांनी लिहिलं होतं.

मी म्हणालो की साराबाईंनी तर असं काही सांगितलं नाही. सर म्हणाले, नटांना आपण कशात काम केलं हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्यक्ष लग्न लावण्याच्या कल्पनेने ते फार दुखावले. हा सिनेमा आहे की सत्यनारायण, असं त्यांनी मला विचारलं. शेवटी, फिल्म दुसऱ्या कुठल्या मार्गाने मिळत नाही हे लक्षात आल्यावर, सुरुवातीला आपण भाषण करू आणि लग्न हा ‘लोककलेचा अवशेष’ आहे हे आधीच स्पष्ट करू, या अटीवर ते तयार झाले.

*

पाटी :
चतुर मध्यस्थ वराकडे येऊन पोहोंचतो.

*

हा प्रवेश नाटकासारखाच लिहिणं बरं, कारण तो तसाच झाला.

(स्थळ : अलिबाग. भार्गवराव लिमयांचं घर. भिंतीला तंबोरा. भार्गवराव, सत्तरीला टेकलेले, ताठ. सून शालन भाजी निवडते आहे. मी.)

मी : साराबाई पेणकरांनी पाठवलंय मला.

(भार्गवराव उठतात, खिडकी लावतात, परत उघडतात.)

भार्गवराव : बऱ्या आहेत?

मी : पुढच्या महिन्यात इस्रायलला चालल्या आहेत. कायमच्या.

भार्गवराव : ते ठाऊक आहे. तेलवाला सांगत होता. घाणा बंद झाला तेव्हा कळलंच.

शालन : आमच्याकडे त्यांच्याच घाण्याचं तेल यायचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून. बाजारात चार आणे स्वस्त मिळतं, पण मामंजींना चालायचं नाही.

(भार्गवराव सुनेकडे बघतात. सून भाजीकडे बघते. मी निरोप सांगतो.)

भार्गवराव : मी नातवंडांचा आजोबा आहे हो. मुंडावळ्या बांधून उभा राहू? सुनेसमोर?

शालन : मी डोळे मिटून घेईन.

भार्गवराव : लोक हसतील.

मी : विनोदी सिनेमाच आहे.

भार्गवराव : (मला) तिने काय शब्द वापरले? नेमके?

मी : म्हणाल्या, विचार त्याला, उभा राहील का. आणि म्हणाल्या, मी होते माझ्या जागी.

(भार्गवराव आत जातात. आतून तंबोरा लावल्याचा आवाज येतो. तंबोरा बाहेर भिंतीवरच आहे, म्हणजे आत दुसरा असावा.)

शालन : येतील ते. सासूबाई गेल्यापासून एवढा वेळ तंबोरा लावलेला नाही.

*

वाचनालयाच्या सभागृहात रविवारी दुपारी खेळ ठेवला. खिडक्यांना ताडपत्र्या लावल्या होत्या आणि आत भट्टी झाली होती. गाव जमलं होतं. फिरत्या टॉकीजमध्ये जन्म घालवलेले मेहबूबभाई यंत्र चालवणार होते. त्यांनी प्रत्येक रीळ नाकाशी धरून वास घेतला आणि मला बाजूला नेऊन सांगितलं, की फिल्म पापडासारखी झाली आहे. एकदा चालेल. दुसऱ्यांदा चालवू नका. यंत्राशेजारी त्यांनी वाळूच्या दोन बादल्या आणि भिजवलेली पोती ठेवून घेतली.

साराबाई भाच्याबरोबर आल्या, पांढऱ्या पातळात. पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसल्या. शालनने दारात सगळ्यांना अक्षता वाटल्या. साराबाईंनीही मूठ पुढे केली तेव्हा शालनने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दिल्या. नवरी स्वतःच अक्षता घेते हे मलाही विचित्र वाटलं. पण तेव्हा सरांचं भाषण सुरू झालं होतं आणि विचित्र वाटण्यासारखं तेच पुष्कळ होतं.

माझ्याकडे दोऱ्या होत्या, म्हणून मी पडद्यामागे होतो. तिथे भार्गवराव पेटीवर बसले होते. कपाळाला मुंडावळ्या, अंगात स्वच्छ सदरा, हाताला घाम.

दिवे गेले आणि कापडावर, आमच्या बाजूने उलटा, तेविशीतला भार्गव लिमये तोंड उघडून उभा राहिला. म्हाताऱ्याने सूर धरला. पहिल्या पदाला आवाज फाटला. दुसऱ्याला फाटला, पण जागेवर फाटला. तिसऱ्या पदापासून मी पडद्याकडे बघणं सोडलं. लोक पोट धरून हसत होते. विरहात पळणारी नायिका, पाठलागात तरंगणारे दिवाणजी. आणि मध्येच भार्गवराव वरच्या षड्जावर गेले की हसू आपोआप थांबत होतं.

*

पाटी :
येथे दहा मिनिटे विश्रांति. सोडा व पानसुपारी बाहेर मिळेल.

*

दिवे लागले. उजेड प्रेक्षागृहात आणि अंधार आमच्याकडे, त्यामुळे कापड काचेसारखं झालं. समोर सगळे दिसत होते. पहिल्या रांगेत साराबाई पंख्याने वारा घेत होत्या.

“असंच दिसायचं,” भार्गवराव म्हणाले. “त्यांना वाटतं आपण कोणाला दिसत नाही.”

मी सोडा आणू का विचारलं. ते नको म्हणाले.

“साताऱ्याचा खेळ शेवटचा होता. दौरा संपला, कंपनी फुटणार होती. आमचं दोघांचं ठरलं होतं, की त्या दिवशीचं लग्न खरं धरायचं. भटजी खरा, मंत्र खरे, साक्षीला एवढे लोक. कोणाला सांगायचं नाही, विचारायचं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणायचं, झालं. वेगळं काही करायला आम्हाला कोणी देणारच नव्हतं. तिच्यातलेही नाही, आमच्यातलेही नाही.”

त्यांनी पेटीचा भाता उगाच दाबला. आवाज आला नाही.

“शेवटचं रीळ संपलं. दिवे लागले. मी मुंडावळ्या बांधून उभा राहिलो आणि समोर पाहिलं. पहिल्या रांगेत माझे वडील. मी नाटकात गेलो तेव्हापासून बोलत नव्हते माझ्याशी. पेणहून साताऱ्याला आले होते न कळवता. शेजाऱ्यांना काहीतरी सांगून हसत होते. आणि हातात अक्षता.” ते थांबले. “त्यांना ते नाटक वाटत होतं हो. माझं नाटक बघायला आले होते ते. पहिल्यांदाच. आणि त्यांच्याच हातच्या अक्षता घेऊन मी त्यांना फसवणार होतो.”

“मग?”

“मंगलाष्टकं संपत आली आणि मी विंगेत गेलो. मालकाने समोर दिसला त्याला ढकललं. दिवाणजीचं काम करणारा गोरे. लठ्ठ. पडदा पडला आणि ती हार घेऊन गोऱ्यासमोर.” भार्गवराव समोर, कापडाकडे बघत बोलत होते. “सबंध दौऱ्यात एवढा हशा कधी मिळाला नाही. वडील सगळ्यात जास्त हसले. घरी जाताना म्हणाले, शेवट झकास केलात.”

“आणि साराबाई?”

“तिने हार घातला. काम होतं ना.”

दिवे गेले. मेहबूबभाईंनी पुढचं रीळ लावलं. साताऱ्याच्या वकिलांची आठवण अगदी बरोबर होती, हे मला तेव्हा कळलं. नाडगौडा सर पहिल्या रांगेच्या टोकाला बसले होते, पण त्यांना जाऊन सांगण्याची ती वेळ नव्हती.

*

पाटी :
आतां पाहा मौज!

*

शेवटचं रीळ मध्येच तुटल्यासारखं संपतं. नायक गातो आहे, गातो आहे, आणि एकदम पांढरं. दिवे लागले. भार्गवराव उभे राहिले, पडद्यापासून हातभर अंतरावर. त्यांच्या शिष्यिणींनी मंगलाष्टकं सुरू केली. लोक अक्षता सरसावून उठले.

साराबाई उठल्या नाहीत.

मी कापडातून बघत होतो. त्या पायऱ्यांकडे येतील, आत्ता येतील. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. त्या खुर्चीत बसून होत्या, पाय जमिनीवर नीट टेकवून, मुठीत अक्षता धरून. बघत होत्या सरळ आमच्याकडे, म्हणजे कापडाकडे. तिथे त्यांना पांढऱ्या कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. भार्गवरावांना सगळं दिसत होतं.

विंग दोन पावलांवर होती. मी हळूच म्हणालो, “त्या उठत नाहीयेत. मुलींना थांबायला सांगू का?”

“दिसतंय मला.”

“मग दोरी—”

“सावधान झालं की सोडा.”

“तुम्ही एकटेच दिसाल.”

“सोडा,” ते म्हणाले आणि मुंडावळी सरळ केली.

मुलींनी ‘सावधान’ म्हटलं. मी दोऱ्या सोडल्या. कापड खाली आलं आणि सबंध अलिबागसमोर भार्गवराव लिमये नवरदेव होऊन एकटे उभे राहिले.

आधी अक्षता पडल्या, सवयीने. मग लोकांना कळलं की समोर कोणीच नाही. मागच्या रांगेतून कोणी तरी फिसकन हसलं आणि मग सगळं सभागृह हसायला लागलं. शालनने खरोखरच डोळे मिटून घेतले होते. भार्गवराव हलले नाहीत. हातातला हार तसाच धरून, साराबाईंकडे बघत, हसू ओसरेपर्यंत उभे राहिले. ते बराच वेळ ओसरलं नाही.

ओसरल्यावर साराबाईंचा आवाज आला. शांत, तिकीट मागावं तसा.

“वन्स मोअर.”

लोकांना ते एवढं आवडलं की सगळ्यांनीच उचलून धरलं. मी दोऱ्या खेचल्या, कापड वर गेलं. आता फक्त मंगलाष्टकं पुन्हा म्हणायची, असं मला वाटलं, सगळ्यांनाच वाटलं. पण माझ्या बाजूला वन्स मोअरच्या बाबतीत भार्गवराव जसे होते, तसे समोर यंत्राशी मेहबूबभाई होते. फिरत्या टॉकीजमध्ये पब्लिकने मागितलं की रीळ पुन्हा लागत असे, नाहीतर खुर्च्या मोडत. मला दिलेली ताकीद ते स्वतःच विसरले. दिवे गेले. पांढऱ्यावर पुन्हा तो तरुण उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने, पेटीशिवायच, सूर धरला.

कापडावर एक सावली आली. साराबाई पायऱ्या चढून वर आल्या होत्या आणि आपल्या जागी उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात पडद्यावरचं चित्र थांबलं. फिल्म यंत्रात अडकली होती. तरुणाच्या उघड्या तोंडाच्या मध्यावर एक तपकिरी डाग उमटला, तो फुगला, त्याला तांबडी कड आली, आणि गाल, डोळे, पागोटं, मागची बाग असं एकेक करत सगळं त्या भोकात गेलं. मग पांढरा उजेड. मग मागे आरडाओरडा आणि धूर.

मेहबूबभाईंनी वाळू टाकली, पोती टाकली, लोकांना बाहेर काढलं. कोणाला इजा झाली नाही. डबे मात्र यंत्राशेजारीच ठेवले होते. ते एकापाठोपाठ एक पेटले, पाण्यानेही विझले नाहीत, आणि काही मिनिटांत ‘संगीत चतुरवल्लभ’ पुन्हा हरवला. या वेळी कायमचा.

मी दोऱ्या धरून तसाच उभा होतो. का, ते माहीत नाही. भार्गवराव म्हणाले, “सोडा.”

मी सोडल्या. मंगलाष्टकं नव्हती, बघायला कोणी नव्हतं. पडदा खाली आला. समोर साराबाई होत्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. चव्वेचाळीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य साराबाई बोलल्या.

“धूर झालाय. बाहेर चला.”

*

पुढचं रीळ जळलेलं आहे, म्हणजे माझ्याजवळ त्याचे तुकडेच आहेत. आवारात सुरूच्या झाडाखाली सर खोकत उभे होते आणि तेवढ्यातही त्यांना सुचत होतं. त्यांचा पुढचा लेख मंडळाच्या अंकात आला. स्वतःला जाळून घेणारा शेवट, असं त्यांनी त्यात म्हटलं होतं. हा शेवट पहिल्यापासूनच योजलेला असावा, असंही सुचवलं होतं. चिटणीस दुसरा कोणी झाला. आगीनंतर काही दिवसांतच मी मंडळ सोडलं होतं.

भाचा टांगा बघायला गेला होता. साराबाई आणि भार्गवराव बाकावर बसले होते, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दोघांच्याही कपड्यांवर काजळी. शालनने पाणी आणून दिलं. मुंडावळ्या सोडू का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, राहू दे जरा.

मी जवळच उभा होतो, माफी मागावी म्हणून.

“वडील आले होते,” भार्गवराव म्हणाले. “साताऱ्याला. पहिल्या रांगेत.”

“ठाऊक आहे,” साराबाई म्हणाल्या. “खेळाआधी मीच त्यांना ती खुर्ची दिली होती. म्हटलं, मुलाचं लग्न आहे, नीट दिसायला हवं.”

भार्गवरावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या टांग्याच्या दिशेने बघत होत्या.

टांगा आला. साराबाई उठल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्यांची मूठ अजून मिटलेलीच आहे. त्यांनी ती उघडली. घामाने अक्षतांचं कुंकू तळव्याला लागलं होतं आणि तांदूळ चिकटून बसले होते. बोटांनी ते सोडवून घेत त्यांनी थोडे भार्गवरावांच्या डोक्यावर टाकले, थोडे खांद्यावर पडले, उरलेले बाकापाशी टिपत असलेल्या चिमण्यांना.

भार्गवराव तसेच बसून होते, मुंडावळ्या बांधून. टांग्यात पाय ठेवलेल्या साराबाईंना ते हळूच म्हणाले, “वन्स मोअर.”

साराबाईंनी टपाच्या दांडीला धरून वळून पाहिलं. आणि हसल्या. मी त्यांना हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

“रीळ संपलं,” त्या म्हणाल्या.